काळ्या पाषाणाचे मूळ किती खोल?

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



भूशास्त्रावरील व्याख्यानासाठी कला शाखेच्या पदवीधराला, त्यातही एका पत्रकाराला, पाचारण करणे हे धाडसच म्हणावे लागेल. संयोजकांचे ते धाडस त्यांच्या अंगलट येऊ नये, एवढी काळजी मी घेणार आहे. या विषयाकडे मी ग्रंथांच्या वाटेने आलो नाही. मी आलो किल्लारीच्या वाटेने.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप देऊन लोक झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची भूमी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी त्या वेळी पत्रकारितेत अगदी नवखा होतो आणि तिसऱ्या दिवशी तेथे पोहोचलो. गाव असे काही उरलेच नव्हते. होते ते काळ्या दगडांचे ढीग. मातीत रचलेल्या हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे, अशी तिकडची जुनी घरे. उन्हाळ्यात गार, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. ती झोपेतल्या माणसांवर कोसळली. ढिगाऱ्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांचे म्हणणे एवढेच होते, की आमची माणसे भुईने मारली नाहीत, दगडाने मारली.

ते वाक्य मी बातमीत घातले आणि विसरलो. पण पुढे कित्येक वर्षांनी त्यातून दोन प्रश्न माझ्या मनात उभे राहिले. हा दगड मुळात आला कुठून? आणि तो पाडणारी ती लहर पुढे गेली कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात दडलेले आहे, हे कळायला मला आणखी बराच काळ लागला. आज सांगायचे आहे ते एवढेच.

प्रथम दगडाविषयी. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्यावर उभा आहे तो बेसाल्ट, आपला काळा पत्थर, हा थिजलेला लाव्हारस आहे हे शालेय पुस्तकातही असते. त्याचे प्रमाण मात्र सहसा ध्यानात येत नाही. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी हे उद्रेक झाले. आज उरलेले त्याचे क्षेत्र पाच लक्ष चौरस किलोमीटरांच्या घरात आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर त्याखालचा प्राचीन खडक लागण्याची चिन्हे दिसली. कोयना परिसरात रासाटीजवळ हीच जाडी ९३३ मीटर भरली. पश्चिम घाटाच्या कड्यांवर एकावर एक बसलेल्या थरांची बेरीज दोन किलोमीटरांच्या आसपास जाते. वेरूळचे कैलास मंदिर आणि शिवछत्रपतींचा रायगड ज्या पाषाणात आहेत, तो हाच. आणि विशेष म्हणजे हा सारा लाव्हा एखाद्या उंच, शंकूसारख्या पर्वताच्या मुखातून उसळलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पुरासारखा पसरला. त्याचा मोठा भाग दहा लक्ष वर्षांच्या आतच बाहेर पडला, असे अलीकडची कालमापने सांगतात. भूशास्त्राच्या हिशेबात ही एक घटिकाच.

एवढा रस आला किती खोलून? ‘पृथ्वीच्या पोटातून’ असे आपण सहज म्हणतो. पण पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर ६३७१ किलोमीटर आणि मानवाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला द्वीपकल्पावरचे, अवघे १२ किलोमीटर आणि काही मीटर. आंब्याची साल सोलून कोयीचे वर्णन करावे तसा हा प्रकार. तेथे डोळा पोहोचत नाही, हात पोहोचत नाही. पोहोचते ती फक्त लहर.

आणि या लहरींच्या विद्येचा एक महत्त्वाचा आरंभ आपल्याच देशात झालेला आहे. १२ जून १८९७ रोजी शिलाँग-आसामचा महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील अधिकारी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपातील, विशेषतः इटलीतील उपकरणांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या नोंदी तपासताना त्यांच्या ध्यानात आले की, हादरा एकदा नव्हे, तीनदा पोहोचला आहे. आधी एक जलद लहर, तिच्यामागून दुसरी, आणि सरतेशेवटी भूपृष्ठावरून आलेली संथ, मोठी लहर. पहिल्या दोन लहरी पृथ्वीच्या अंतरंगातून आल्या होत्या. पुढे १९०६ मध्ये याच ओल्डहॅम यांनी अशा नोंदींच्या आधारे पृथ्वीला वेगळ्या गुणधर्माचा गाभा असल्याचे दाखविले. राज्यकर्ता परका होता हे खरे; पण आसामच्या त्या आपत्तीच्या नोंदींतून पृथ्वीचे अंतरंग प्रथमच उलगडू लागले, हेही तितकेच खरे आहे.

पहिल्या लहरीला प्राथमिक लहर म्हणतात. ती दाब देत, ताण देत पुढे सरकते. घन पदार्थातूनही जाते, द्रवातूनही. दुसरी, दुय्यम लहर, आडवी हेलकावत जाते आणि ती द्रवातून मुळीच जात नाही. या एका भेदावर केवढे ज्ञान उभे आहे पाहा. भूकवचाच्या खालून सुरू होऊन २८९० किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण पसरले आहे, त्यातून दुय्यम लहर आरपार जाते. म्हणजे ते घन आहे. पायाखाली लाव्हाचा समुद्र उकळतो आहे, ही आपली समजूत चुकीची ठरते. प्रावरण हा तापलेला पण घन खडक आहे आणि हिमनदीसारखा, किंबहुना तिच्याहूनही अतिशय संथपणे, तो वाहतो. वितळतो तो मुख्यतः वर येताना, दाब उतरल्यावर.

आता तप्तबिंदूंकडे वळू. जगातील बहुतेक ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमांवर आहेत. पण हवाई बेटे पॅसिफिकच्या भूपट्टाच्या मधोमध आहेत. तेथे आग का? १९६३ मध्ये कॅनडाचे भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी सुचविले की, आगीचा उगम खाली जवळजवळ स्थिर आहे आणि वरचा भूपट्ट त्यावरून सरकतो आहे. म्हणून एका ओळीत बेटे होतात आणि उगमापासून जितके दूर जावे तितकी ती जुनी असतात. १९७१ मध्ये प्रिन्स्टनचे जेसन मॉर्गन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मते या तप्तबिंदूंखाली थेट प्रावरणाच्या तळापासून तप्त खडकाचे निमुळते स्तंभ वर येत आहेत.

दख्खनचा धागा इथे जुळतो. आफ्रिकेजवळच्या हिंदी महासागरात रियुनियन नावाचे फ्रेंच बेट आहे. त्यावरचा पितों द ला फुर्नेझ हा जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक. मुंबईपासून ते साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर. पण नकाशावर मुंबईच्या दक्षिणेकडे बोट ठेवून खाली सरकत जा: लक्षद्वीप, मालदीव, चागोस. समुद्रतळाशी ही एकच लांब डोंगररांग आहे. तिचे पुढचे टोक आज तुटून पलीकडे मॉरिशसच्या पठाराकडे गेले आहे, कारण मध्यंतरी त्या दोहोंमध्ये सागरतळ दुभंगून रुंदावला. १९८७ मध्ये या मार्गावर खोदकाम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जहाजाने तळाचा बेसाल्ट वर काढला. त्याची वये पाहिली तेव्हा मालदीवजवळ सुमारे पाच कोटी सत्तर लक्ष, चागोसजवळ सुमारे चार कोटी नव्वद लक्ष, पलीकडे मॉरिशसच्या उत्तरेस सुमारे तीन कोटी तीस लक्ष वर्षे, अशी उतरती भाजणी निघाली. भारतभूमी उत्तरेकडे धावत होती आणि आपल्यामागे त्या आगीची रेघ सोडत होती.

मॉरिशसचे नाव आलेच आहे, तर विषयांतराचा दोष पत्करून एक सांगतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आजही मराठी शिकतात आणि गणेशोत्सव करतात. उसाच्या शेतातून त्यांच्या पूर्वजांनी जे काळे धोंडे वेचून बाजूला रचले, ते त्याच तप्तबिंदूचे काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे अपत्य. सह्याद्री सोडून ती माणसे सह्याद्रीच्या धाकट्या भावाकडे गेली होती, हे त्यांना कोण सांगणार?

ओळ मिळाली, वये जुळली. तरीही हे सर्व पृष्ठभागावरचे पुरावे. आग खालून येते हे कळले. किती खालून, हे कळले नाही. दोन-तीनशे किलोमीटरांवरूनही ती येऊ शकते आणि गाभ्याच्या सीमेवरूनही. दोहोंत अंतर आहे ते दहापटीचे. गिलियन फोल्गर आणि दिवंगत डॉन अँडरसन यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञांनी खोल स्तंभांची ही कल्पनाच अमान्य केली. त्यांचे म्हणणे असे की, भूपट्ट जेथे ताणले जातात, विरतात, तेथे वरच्याच थरातील खडक वितळून बाहेर येतो. पाताळापर्यंत जाण्याचे कारण नाही. हा वाद पुष्कळ वेळा कटुतेपर्यंत गेला. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक उपकार केला: ‘दाखवा’ असे त्यांनी म्हटले, म्हणून दाखविण्याची साधने निर्माण झाली.

दाखवायचे कसे? उदाहरण रेल्वेचे घेऊ. मुंबईत बसून तुम्ही फक्त गाड्यांच्या येण्याच्या वेळा टिपता आहात. कसारा घाटातून येणारी प्रत्येक गाडी दहा मिनिटे उशिरा येते आणि बोरघाटातून येणारी वेळेवर. घाट न पाहताही तुम्ही सांगाल की अडचण कसाऱ्याला आहे. आता नाशिकच्या अलीकडून सुटणाऱ्या आणि पलीकडून सुटणाऱ्या गाड्यांची तुलना करा, म्हणजे जागा आणखी नेमकी कळेल. भूकंपलहरींचे तंत्र हेच. तापलेल्या खडकातून लहर मंद जाते. प्रावरणाच्या तळाशी प्राथमिक लहरीचा वेग सेकंदाला साडेतेरा किलोमीटरांहून अधिक असतो. खडक शे-दोनशे अंशांनी अधिक तप्त असला की त्यात एखाद्या टक्क्याची घट होते. हजारो भूकंप, शेकडो केंद्रे, लक्षावधी मार्ग आणि प्रत्येक मार्गावरचा विलंब एक-दोन सेकंदांचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यातून संगणक पृथ्वीच्या अंतरंगाचे छेद काढतो, जसे रुग्णालयात सीटी स्कॅन यंत्र देहाचे काढते. रुग्णालयात किरण आपल्या इच्छेने सोडता येतो. इथे मात्र भूकंपाची वाट पाहावी लागते, आणि तो आपल्या सोयीच्या जागी होत नाही.

अडचणी आणखी दोन होत्या. पहिली अशी की, बहुतेक तप्तबिंदू समुद्रात आहेत आणि केंद्रे जमिनीवर. दुसरी अधिक सूक्ष्म. नदीच्या पात्रात खांब असला तर त्याच्या लगेच पुढे पाण्यात फट दिसते. पण थोडे पुढे गेले की दोन्ही बाजूंचे पाणी आत सरकून ती फट भरून काढते. लहरींचेही तसेच होते. खोलवरचा बारीक स्तंभ ओलांडताना पडलेला विलंब, हजारो किलोमीटर पुढे येईतो बाजूच्या वेगवान लहरी भरून काढतात. म्हणजे स्तंभ आहे, पण त्याचा साक्षीदारच रस्त्यात साक्ष पुसतो. या परिणामाचा हिशेब धरणारी पद्धत गुस्ट नोलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि २००४ मध्ये तिच्या आधारे अनेक तप्तबिंदूंखालची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांवरही आक्षेप आले. मग २००५ ते २००७ या काळात हवाईभोवती सागरतळावर भूकंपमापक ठेवण्यात आले. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला: मंद लहरींचा पट्टा निदान १५०० किलोमीटरांपर्यंत खाली जातो. २०१५ मध्ये बर्कलेच्या स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी, केवळ आगमनाची वेळ नव्हे तर लहरीचा संपूर्ण आकार वापरून, अनेक प्रमुख तप्तबिंदूंखाली गाभ्याच्या सीमेपर्यंत जाणारे स्तंभ दाखविले. पण ते मॉर्गन यांच्या कल्पनेसारखे निमुळते नव्हते. शेकडो किलोमीटर रुंद होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग रियुनियनचा. फ्रान्सचे गिलेम बारूओल आणि जर्मनीच्या कारिन सिग्लोख यांच्या नेतृत्वाखाली तो झाला. त्याच्या लांबलचक नावाचे लघुरूप ‘रम-रम’ असे होते. उसाच्या मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतो! २०१२ च्या ऑक्टोबरात एका फ्रेंच जहाजाने रियुनियनभोवतीच्या सुमारे दोन हजार किलोमीटर लांबी-रुंदीच्या सागरक्षेत्रात ५७ भूकंपमापक टाकले. मॉरिशस, मादागास्कर, सेशेल्स येथील भूमीवरची केंद्रे वेगळी. वजन बांधलेले ते उपकरण जहाजावरून सोडून दिले की दोन ते पाच किलोमीटर खाली काळोखात जाऊन बसते. त्याचे तोंड कोणत्या दिशेला झाले, हे कुणालाच ठाऊक नसते. ते नंतर, ओळखीच्या भूकंपांच्या लहरी कोणत्या बाजूने आल्या यावरून शोधून काढावे लागते. वर्षभर ते एकटे ऐकत राहते. ऐकायला येते ते सगळेच: जहाजांची घरघर, चक्रीवादळांनी खवळलेल्या लाटांचा थरथराट, देवमाशांचे गाणे आणि मधूनच जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेला भूकंप. २०१३ च्या अखेरीस एका जर्मन जहाजाने जाऊन ध्वनिसंकेत दिले. उपकरणांनी आपले वजन सोडले आणि ती वर आली.

नोंदींचा अर्थ लावायला आठ वर्षे लागली. २०२१ मध्ये मारिया त्सेखमिस्ट्रेंको, सिग्लोख, बारूओल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे चित्र मांडले त्यात सरळ उभा स्तंभ नव्हता. होता तो एक वृक्ष. आफ्रिकेच्या दक्षिण भागाखाली, गाभ्याच्या सीमेवर मंद लहरींचा अवाढव्य प्रदेश आहे. त्यातून एक जाड बुंधा सुमारे १५०० किलोमीटर खोलीपर्यंत वर येतो आणि तेथून फांद्या तिरप्या फुटतात. त्यांपैकी एक हिंदी महासागराखालून रियुनियनच्या दिशेने जाते. सह्याद्री जिच्या मोहरात निघाला, ती ही फांदी.

पण गरम पदार्थ तिरपा कसा चढेल? तो सरळच वर जायला हवा. यावर त्यांनी दिलेले स्पष्टीकरण मला फार आवडले. मंद आचेवर पिठले रटरटताना आपण पाहतो. बुडबुडा प्रत्येक सरळच वर येतो. पण एकामागून एक, शेजारशेजारच्या जागांवरून, क्रमाने सुटले तर एखाद्या क्षणी सगळे मिळून तिरपी ओळ दिसेल. पाताळातही तप्त खडकाचे प्रचंड गोळे असेच पाळीपाळीने सुटतात आणि कोट्यवधी वर्षांच्या त्या प्रवासातील एक क्षण आपल्याला दिसतो, म्हणून तो तिरप्या फांदीसारखा भासतो. दख्खनसारखा महापूर म्हणजे असा एखादा अतिविशाल गोळा वर येऊन भिडणे, असे या मताचे सार आहे. उदाहरण घरगुती आणि माझे आहे. गणित अर्थातच त्यांचे.

आपले शास्त्रज्ञ या शोधात मागे नाहीत, हे सांगताना मला समाधान वाटते. हैदराबादच्या संस्थेतील प्रकाश कुमार आणि सहकाऱ्यांनी जर्मन संशोधकांसमवेत २००७ मध्ये दुय्यम लहरींच्या आधारे दाखविले की, भारतीय भूपट्ट केवळ शंभर किलोमीटरांच्या आसपास जाड आहे, तर गोंडवन भूमीतील त्याच्या भावंडांची जाडी १८० ते ३०० किलोमीटर आहे. ती भूमी फोडणाऱ्या तप्त स्तंभाने भारताचा तळ वितळविला, म्हणून तो हलका होऊन इतक्या वेगाने, एके काळी वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर, उत्तरेकडे धावला, असे त्यांचे अनुमान. ते सर्वांना मान्य झाले असे नाही. २०२३ मध्ये बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी श्रीलंकेच्या दक्षिणेस गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राला पडलेल्या शंभर मीटरांहून खोल ‘खड्ड्या’चा संबंध आफ्रिकेखालच्या त्याच तप्त प्रदेशातून आलेल्या खडकाशी जोडला. इथे एक विनंती करावीशी वाटते. अशा संशोधनाचा अभिमान बाळगावा, परंतु अनुमानाला सिद्धान्त म्हणून मिरवू नये. वायव्य भारताखाली खंबायतच्या बाजूला मंद लहरींचा जो प्रदेश सापडला, त्याविषयीच्या १९९९ च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच संशोधकांनी प्रश्नचिन्ह ठेवले होते. आमच्या व्यवसायात मथळ्यातले प्रश्नचिन्ह खोडण्याची घाई फार असते.

अशा व्याख्यानानंतर एक प्रश्न हमखास येतो, म्हणून तो आधीच घेतो: सह्याद्री पुन्हा पेटेल काय? नाही. ती आग आपल्या खाली राहिलेली नाही. आपण तिच्यावरून पुढे निघून आलो आणि ती आज रियुनियनखाली आहे. किल्लारीचा भूकंपही ज्वालामुखीचा नव्हता. भारतभूमी आजही हिमालयाला रेटते आहे. त्या ताणाने जुन्या खडकातील दुबळी जागा तुटली. त्या पहाटेची लहर किल्लारीतील भिंती पाडून थांबली नाही. ती पृथ्वीच्या पोटातून पुढे गेली आणि काही मिनिटांत परदेशांतील भूकंपकेंद्रांवर उमटली. जगाच्या भूकंपसूचीत तिची वेळ, खोली आणि तीव्रता आज नोंदलेली आहे. मृतांची नावे अर्थातच तेथे नाहीत. ती मी माझ्या त्या वेळच्या वहीत टिपली होती, आणि ती वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी व्याख्यानानंतर जरूर यावे. आता प्रश्न असतील तर घेऊ.